फरशी धुवायला आले अन् फरशीच घेऊन गेले

४१,८०० रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे "किती गेले हो?" विचारायला कोणी मुद्दाम दुकानावर यायला नको. शिवाय ४७ फरश्या गेल्या, त्या वेगळ्या.

माझं कृषी केंद्र आहे, खामगावपासून पंचवीसेक किलोमीटरवरच्या गावात. बावीस वर्षं गिऱ्हाइकाला एकच सांगत आलो: पक्कं बिल घ्या, पिशवीवरचा लॉट नंबर पाहा, दारावर स्वस्त बियाणं घेऊन येणाऱ्याला उभं करू नका. आणि मी दारावर आलेल्या दोन पोरांना बैठकीत बसवून चहा पाजला. हसा. गाव हसूनच राहिलं आहे.

वाडा पणजोबांचा. ते रुईचे अडते. १८७० मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला आणि वऱ्हाडची रुई मुंबईमार्गे थेट लिव्हरपूलला जायला लागली. तिथे तिला अमरावतीच्या नावावरून 'ऊमरा' म्हणत. त्या पैशातून वाडा उठला आणि बैठकीला विलायती फरशी बसली. विटकरी, काळ्या, पिवळट तिकोनी-चौकोनी तुकड्यांची वीण, आणि मधोमध सहा इंची नक्षीच्या ३६ फरश्यांचा तीन फूट बाय तीन फुटांचा गालिचा. ही नक्षी वरून छापलेली नसते. एका मातीत साच्याने खाच पाडायची, त्यात दुसऱ्या रंगाची माती भरायची आणि दोन्ही सोबत भाजायच्या. रंग दोन-तीन मिलिमीटर खोल असतो, म्हणून चार पिढ्यांचे पाय घासूनही कमळं जागेवर होती. हे शहाणपण आत्ताचं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की फरशी काळीकुट्ट झाली आहे. दर दिवाळीला लाल पॉलिश, वर्षानुवर्षं बैठकीतच भरलेला कापूस, नंतर सोयाबीनची पोती. मेणचट थर नुसता. आणि २३ मेला पुतणीचं लग्न.

४ मेला ते आले. पांढरी गाडी, एकसारखे टी-शर्ट, हातात टॅब. "काका, हे व्हिक्टोरियन काम आहे. इंग्लंडचं. तुम्हाला कल्पना नाही तुम्ही कशावर चालताय." तुम्ही कशावर चालताय! माणसाला दुसरं काय लागतं? मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाची फरशी आम्हीच केली, असंही सांगितलं. मी नंतर शोधलं. ती फरशी मिंटन कंपनीची, इंग्लंडातल्या स्टोकहून आणलेली, आणि त्या इमारतीचं जीर्णोद्धाराचं काम झालं २००३ ते २००८ मध्ये. सांगणारा पोरगा पंचविशीतला. तेव्हा तो अंगणवाडीत रडत असेल.

कोपऱ्यातली एक फरशी त्यांनी घासून दाखवली. साध्या साबणाने, ब्रशने. लालभडक निघाली. आई पण बघतच राहिली. आता लक्षात ठेवा: ओली फरशी कोणाचीही नवीच दिसते. नमुना वाळू द्या, एक दिवस जाऊ द्या, मग बोला. मी पाचव्या मिनिटाला भाव विचारला.

१८ बाय १४, म्हणजे २५२ फूट. १४० रुपये फुटाने ३५,२८०, "काका, ३५,००० द्या." आगाऊ १५,००० यूपीआयने. दोन दिवसांनी 'इम्पोर्टेड केमिकल'चे ८,५०० रोख, मग 'सीलर'चे ६,२०० रोख. हे दोन्ही म्हणे ठरलेल्या भावात धरलेले नव्हते. कोटेशन छापील होतं. त्यावरचा जीएसटी नंबर १४ अक्षरी. जीएसटी नंबर १५ अक्षरी असतो, आपल्या राज्याचा २७ ने सुरू होतो, आणि मी दर महिन्याला रिटर्न भरतो. कंपनीच्या बिलात एक आकडा चुकला तर मी डिस्ट्रिब्युटरला फोनवर झाडतो. इथे कागद दोनदा वाचला आणि देवघरात नीट घडी घालून ठेवला.

चौकशी केली नाही असं नाही हो. मलकापूरच्या एका शेठजींकडे काम केलंय म्हणाले, मी फोन लावला. शेठजींनी तोंडभरून स्तुती केली. नंबर कोणी दिला होता? त्यांनीच.

६ तारखेला काम सुरू झालं. 'इम्पोर्टेड केमिकल' निळ्या कॅनमध्ये. ओतलं तसा सांध्यांतून पांढरा फेस चरचरत वर आला आणि नाकाला झोंबला. तो वास मी ओळखत नाही? संडास धुवायचं ॲसिड आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात मिळतं. आई दारातून म्हणाली, "बापू, हे पोट्टे फरशी धुऊन राहिले का जाळून राहिले?" ॲसिड त्या भाजलेल्या मातीचं लगेच फार वाकडं करत नाही, पण खालचा चुना खातं. सांधे गेले की फरशी सुटते. आणि त्यांना ती सुटायलाच हवी होती.

आता खरी गोष्ट सांगतो. रात्री झोपेतून उठवते ती.

तिसऱ्या दिवशी गालिच्यातल्या एका फरशीवर त्या दोघांतल्या एकाने बोटाच्या पेराने टकटक केलं. "पोकळ वाजतेय काका." पातळ छिन्नी घालून इतक्या हळू उचलली की मला कौतुक वाटलं. मग ती उलटी केली. मागचा चुना अंगठ्याने पुसला, टी-शर्टला घासला आणि अक्षरं वाचली. मिंटन, स्टोक-अपॉन-ट्रेंट. फोटो काढला. दुसऱ्याकडे पाहिलं. दोघंही काही बोलले नाहीत. ज्याला फरशी धुवायची आहे त्याला तिच्या पाठीशी काय घेणं? मी चार फुटांवर खुर्ची टाकून बसलो होतो. बारदान्यावरचा छाप बघून माल ओळखणारा माणूस मी. आई तेव्हाही म्हणाली, "हा फरशी उलटी करून कायले पाह्यते रे?" मी काय म्हणालो? "तुले काय समजते त्यातलं, तू आत जाय." ८१ वर्षांच्या बाईला.

मग यादी आली. गालिच्याच्या ३६ फरश्या पोकळ आहेत, इथे दुरुस्त होणार नाहीत, कारखान्यात नेऊन खालून भराव्या लागतील. कडेच्या ११ फुटल्या आहेत, त्या नमुन्याला घेऊन जाऊ, जुळत्या नव्या आणू, नगाला १,१०० प्रमाणे १२,१००. तेही यूपीआयने दिले. ९ तारखेला माल भरला. आणि फरश्या एकमेकींवर घासू नयेत म्हणून सोयाबीनचं बारदान मी दिलं. मी. आईच्या दोन जुन्या नऊवारी फाडून प्रत्येक फरशी वेगळी गुंडाळली. एक माझ्या हातून जरा टेकली तर तो पोरगा कळवळून म्हणाला, "सांभाळून काका!" तेवढा जीव त्याने पूर्ण कामात कुठे लावला नव्हता.

फरशी कोणालाही घराबाहेर नेऊ देऊ नका. पोकळ वाजली म्हणून ती आजारी नसते. मागे खडूने नंबर घाला, फोटो काढा, गावातल्या जुन्या गवंड्याकडून चुन्यात परत बसवा. कारखान्याचं काहीएक काम नाही.

१८ तारखेला आणतो म्हणाले होते. १७ ला "ट्रक अडकला". २० ला फोन बंद. लग्नात त्या खड्ड्यावर सतरंजी टाकली, तरी व्याह्यांचा पाय त्यातच गेला.

तुम्ही म्हणाल लगेच तक्रार का नाही केली. लग्नघर होतं. पाहुण्यांसमोर पोलीस बोलावू? गेलो २७ तारखेला. त्याच दिवशी १९३० ला, म्हणजे ऑनलाइन पैशांच्या फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला, त्यांनी तक्रार नोंदवली, पण दुसरं पेमेंट जाऊनही १८ दिवस झाले होते. खात्यात काय राहणार? तुम्ही तासाभरात लावा, लाज नंतर बाळगा. रोख दिलेल्या १४,७०० चा तर कुठे कागदच नाही.

ठाण्याचं काय सांगू! पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी साहेब होते, ऑपरेटर नव्हता. तिसऱ्या दिवशी अर्ज वाचून जमादार म्हणाले, "भाऊ, फरशी तुम्हीच काढू दिली, बारदाना तुम्हीच दिला, मंग चोरी कशी?" मी म्हटलं, चोरी नाही, फसवणूक लिहा, भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम आहे. तर म्हणे हा दिवाणी मामला आहे, वकील लावा. अर्जाच्या प्रतीवर शिक्का मागितला तर शिक्का साहेबांच्या कपाटात. चौथ्या खेपेला, "पोट्टे कुठले हायेत ते शोधून आणा, धरतो आम्ही." शोधून मी आणू, तर तुम्ही काय करता? बँकेत गेलो: खातेदाराची माहिती देता येत नाही, पोलिसांचं पत्र आणा. ठाण्यात: आधी बँकेकडून माहिती आणा. या दोन दारांत माझं पेट्रोलच किती जळलं ते वरच्या आकड्यात धरलेलं नाही. ग्राहक आयोगात जा म्हणाले एक वकीलसाहेब, पण नोटीस बजावायला समोरच्याचा पत्ता लागतो, आणि कार्डावरच्या पत्त्यावर भाच्याला पाठवलं तर तिथे रसवंती.

ठाण्याने गुन्हा नोंदवला नाही तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना टपालाने लिहिता येतं. लिहिलं, रजिस्टर पोस्टाने. पोचपावती आली, महिन्याने चौकशीचा निरोपही आला. चौकशी कोणाकडे? त्याच जमादारांकडे. ते म्हणाले, "वर कायले गेले भाऊ?"

१९७२ च्या पुरावस्तू कायद्यात इमारतीतून सुटी केलेली, शंभर वर्षांवरची वस्तूही पुरावस्तू धरली आहे. ते घेऊन एका कार्यालयात गेलो. तिथले बाबू म्हणाले, तुमचा वाडा संरक्षित स्मारक नाही. मी वाड्याचं विचारतच नव्हतो, फरशीचं विचारत होतो. "तो कायदा मूर्तींचा आहे हो." कायदा माझ्या हातात छापलेला होता, रेघ मारून. त्यांनी चष्मासुद्धा घातला नाही.

आणि धुतलेल्या फरशीचं काय झालं? जून लागला, पाऊस पडला, आणि त्या ६,२०० च्या 'सीलर'खाली फरशी पांढरी फटक झाली. लोणा फुटला. जुन्या घरात फरशीखाली प्लास्टिक नसतं, ओल जमिनीतून वर येते आणि सांध्यांतून उडून जाते. यांनी वरून चकचकीत थर दिला. ओल आत कोंडली, तिच्यासोबत ॲसिडचे क्षारही वर आले. नखाने तो थर दुधाच्या सायीसारखा निघतो. चमक दाखवणाऱ्याला आधी विचारा, ओल कुठून जाणार? उत्तर नसेल तर चहासुद्धा पाजू नका. ही फरशी कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रशने निघते. पाणी साचू द्यायचं नाही, लगेच टिपून घ्यायचं. तेलाच्या डागाला मुलतानी मातीचा लेप, वाळला की झाडायचा. माझी बायको आता रोज चार फरश्या करते. खर्च साबणाचा. सिमेंटची जुनी फरशी असेल तर ॲसिडचं नावही काढू नका, तिचा रंगच खाऊन टाकतं.

गेल्या महिन्यात भाच्याने जुन्या वस्तू विकणाऱ्या एका पानाचा फोटो पाठवला. विटकरी जमिनीवर पिवळं कमळ, नगाला २,२०० रुपये. माझ्या ४७ चे १,०३,४०० होतात, मी दुकानाच्या कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं. तिसऱ्या फोटोतल्या फरशीचा डावा कोपरा उडालेला. तो टवका मी ओळखतो: आजोबांच्या हातून पाच शेराचं वजन तिथे पडलं होतं, आणि लहानपणी त्या खळग्यात आम्ही गोट्या अडकवायचो.

फोटो मोठा करून, छापून ठाण्यात नेला. जमादारांनी हातात धरला, उलटसुलट केला.

"टवका त सगळ्याच फरशीले राह्यते भाऊ."

घरी येऊन पुन्हा पान उघडलं, तर त्या फरशीखाली 'विकली गेली' लिहिलं होतं.