डोक्यात पाणी झालंय : नळी बसवायची की दुर्बीण?

आमच्या घरात हायड्रोसेफॅलस, म्हणजे मेंदूतल्या पोकळ्यांत जास्त पाणी साठणं, दोनदा आला. आधी बाबांना, वयाच्या ७४व्या वर्षी. मग डिचोलीच्या मावसभावाला, ४६व्या वर्षी. बाबांना नळी बसली, भावाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. फोंड्यात कोणी ना कोणी विचारतंच, 'दोन्हीतलं चांगलं कुठलं?' खरं तर ही निवड बरीचशी एमआरआयच करून टाकतो.

बाबांचा प्रकार 'नॉर्मल प्रेशर'चा, म्हणजे पाण्याचा दाब मोजला तर साधारणच भरतो. १९६५ साली कोलंबियाच्या डॉ. हाकिम यांनी अमेरिकेतल्या डॉ. अ‍ॅडम्स यांच्यासह मांडलेला. पाण्याची वाट कुठे अडलेली नसते, तरी मेंदूतल्या पोकळ्या फुगतात. आधी चाल जाते: पाय फाकवून, जमिनीला चिकटल्यासारखी छोटी पावलं. मग लघवीची घाई, विसराळूपणा. घरच्यांना हे म्हातारपण वाटतं, आम्हालाही वाटलं. पार्किन्सन्सच्या गोळ्यांवर वर्ष गेलं, फरक शून्य.

भावाच्या मेंदूतला पाणी जाण्याचा बारीक मार्गच अरुंद होता. त्याला मुख्यतः डोकेदुखी, जोडीला तोल जाणं. विसराळूपणा यातही येऊ शकतो, म्हणून नुसत्या लक्षणांवरून प्रकार ठरवू नका.

मार्ग अडला असेल तर दुर्बीण: तिसऱ्या पोकळीच्या तळाला छिद्र पाडून पाण्याला नवी वाट देतात. शरीरात काही राहत नाही, हा मोठा फायदा. पण छिद्र बुजू शकतं, बहुतेकदा पहिल्या काही महिन्यांत, क्वचित वर्षांनंतरही. त्यामुळे अचानक डोकं ठणकलं, उलट्या झाल्या, गुंगी आली तर भाऊ तडक इस्पितळ गाठणार, हे घरात ठरलेलं आहे. नॉर्मल प्रेशरमध्ये सहसा शंटच: डोक्यातून कातडीखालून पोटापर्यंत नळी, मध्ये पाणी किती वाहायचं ते आवरणारा व्हॉल्व्ह. ती तुंबू शकते, तिला जंतुसंसर्ग होऊ शकतो. जास्त पाणी ओढलं गेलं तर मेंदूच्या आवरणाखाली रक्त साठतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते आधीच सांगा.

मग नॉर्मल प्रेशरवाल्यांनी ठरवायचं काय? शंट करायचा की नाही, एवढंच. त्यासाठी कमरेतून, मणक्यात सुई घालून, हेच पाणी ३० ते ५० मिली काढून चाल सुधारते का बघतात. आमच्याकडे भावाच्या बायकोने पाणी काढण्याआधी आणि नंतर बाबांच्या चालण्याचा व्हिडिओ काढला. वळताना लागणारी पावलं मोजली तर निम्म्यावर आली होती. माझा होकार त्या व्हिडिओने मिळवला, डॉक्टरांच्या बोलण्याने नव्हे. चाल सुधारली नाही तरी शंटचा उपयोग होणारच नाही असं नाही. काही वेळा दोन-तीन दिवस निचरा करून पुन्हा पाहतात.

२०२५ साली एक चाचणी प्रसिद्ध झाली. ९९ जणांना शंट बसवले. काहींचा व्हॉल्व्ह चालू, काहींचा जवळजवळ बंद, आणि कोणाचा कसा हे रुग्णांना ठाऊक नव्हतं. तीन महिन्यांनी चालू व्हॉल्व्हवाल्यांचा चालण्याचा वेग सेकंदाला सरासरी ०.२३ मीटरने वाढला, दुसऱ्यांचा ०.०३ ने. आवरणाखालचा रक्तस्राव मात्र १२ टक्क्यांना झाला, दुसऱ्या गटात २ टक्क्यांना. म्हणजे फायदा खरा, किंमतही खरी.

स्मरणशक्तीसाठीच करत असाल तर मी सावध राहीन. बाबा आता काठीशिवाय म्हार्दोळच्या देवळात जाऊन येतात, लघवीची घाईही कमी झाली. पण 'आज शनिवार ना?' हे तीनदा विचारणं सुटलेलं नाही. उशीर केल्याने सुधारणा कमी होते, हेही लक्षात घ्या.

बाहेरून चुंबकाने दाब बदलता येणारा व्हॉल्व्ह महाग, पण वारंवार जुळवणी लागणाऱ्या वयस्करांसाठी मला तोच पटतो. त्याच्या काही प्रकारांत एमआरआयने ठरवलेल्या दाबाचा आकडा हलतो, तेव्हा नंतर तपासून घ्यावा लागतो. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी इस्पितळात) जा की खाजगीत, दीनदयाळ या गोवा सरकारच्या आरोग्य विमा कार्डावर कुठला व्हॉल्व्ह बसतो हे भरती व्हायच्या आधी विचारून घ्या.