तेलाने खराब झालेल्या जमिनीत जड धातू: चुना टाकायचा की आम्लता वाढवायची?

जमिनीवर तेल सांडलंय, लॅबच्या रिपोर्टमध्ये निकेल, शिसं, कॅडमियम दिसतंय, आणि एकजण सांगतो चुना टाका तर दुसरा म्हणतो माती आम्लधर्मी करा म्हणजे धातू सुटतील आणि काढता येतील. चूक दोघांचीही नाही, पण उपाय एकमेकांच्या अगदी उलट आहेत, त्यामुळे ठरवायच्या आधी मातीत काय होतं ते समजून घ्याच.

पीएच म्हणजे आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त. पीएच ७ वरून ६ वर आला म्हणजे आम्लता थेट १० पट वाढली. मग चिकणमातीच्या आणि सेंद्रिय कणांवर बसलेल्या धातूंना आम्लातले हायड्रोजन आयन (विद्युतभारित कण) हाकलून लावतात, कार्बोनेट विरघळतात आणि धातू पाण्यात उतरतात. सगळे एकदम नाही सुटत. कॅडमियम आणि झिंक पीएच साधारण ६.५ च्या खाली गेला की हलायला लागतात, शिसं मात्र चिवट, बरीच जास्त आम्लता लागते त्याला.

चुनखडीची पावडर टाकली (इथे चुना म्हणजे हीच) की हे धातू मातीला परत घट्ट धरून बसतात, झाडांत आणि भूजलात कमी जातात. शिवाय तेल खाणारे बॅक्टेरिया साधारण ६ ते ८ पीएचमध्येच नीट काम करतात, म्हणजे तेलाचं कामही सोबत पुढे सरकतं. पण धातू जातात कुठे, तिथेच राहतात ना! तेल कुजताना सेंद्रिय आम्लं तयार होतात, त्यात बॅक्टेरियांना नायट्रोजन मिळावा म्हणून अमोनियम सल्फेटसारखं खत टाकलं की तेही माती आम्लधर्मी करतं, म्हणजे एका हाताने चुना आणि दुसऱ्या हाताने आम्ल असं होऊन बसतं आणि बांधलेले धातू परत सुटतात. म्हणून चुना एकदा टाकून विसरायची गोष्ट नाही, पीएच वरचेवर मोजत राहावा लागतो. अजून एक, तेलकट माती पाणी धरत नाही आणि चुन्याला काम करायला ओल लागते, त्यामुळे नुसता वरून भुरभुरवून उपयोग नाही, नीट मिसळावा लागतो.

आम्लाच्या बाजूने बोलायचं तर धातू खरंच बाहेर काढायचे असतील तर हा एक मार्ग आहे, एकतर माती उकरून आम्लाने धुवायची किंवा गंधक टाकून पीएच उतरवायचा आणि धातू शोषणारी झाडं लावायची. झाडांच्या वाटेला वर्षानुवर्षं लागतात, आणि जास्त तेल असेल तर झाडं जगतच नाहीत. उघड्या जमिनीवर, खाली भूजल जवळ असताना हे करणं मला तरी धोक्याचंच वाटतं, कारण सुटलेला धातू मुळांची वाट बघत थांबत नाही, पावसाच्या पाण्याबरोबर खाली जातो. माती थोडी असेल, उकरलेली असेल, खाली अस्तर असेल आणि धुतलेलं पाणी गोळा होत असेल तरच हा विचार करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कच्च्या तेलात निकेल आणि व्हॅनेडियम सोबत असतात आणि ते उलटे वागतात! चुन्याने निकेल बांधलं जातं, पण व्हॅनेडियम ऋण आयनाच्या (ऋणभारित कणाच्या) रूपात असेल तर पीएच वाढल्यावर उलट मोकळं होऊ शकतं. आर्सेनिक आणि सहा संयुजेचं क्रोमियम (क्रोमियमचं जास्त विषारी रूप) यांचंही तसंच. त्यामुळे रिपोर्टमध्ये कॅडमियम, झिंक, निकेल, शिसं जास्त असेल तर बिनधास्त चुन्याकडे जा, ६.५ ते ७ वर थांबा, त्याच्या वर ढकलू नका. व्हॅनेडियम किंवा आर्सेनिक जास्त असेल तर आधी लॅबला विचारा.

आणि रिपोर्ट मागताना नुसतं एकूण प्रमाण नको, पाण्यात किंवा कॅल्शियम क्लोराइडच्या सौम्य द्रावणात किती उतरतं तेही मागा, कारण पीएच बदलल्यावर बदलतो तो हाच आकडा. मोठ्या जमिनीत हात घालण्याआधी त्याच मातीच्या ४-५ कुंड्या भरा, प्रत्येकीत चुना वेगवेगळा, ओल टिकवून काही आठवडे ठेवा आणि मग हाच आकडा परत काढून बघा.