वेडेवाकडे कापलेले केस वाढवताना : एक घरगुती पार्लर, काही पिना आणि काही वायफळ खर्च

हे परीक्षण मुख्यतः अशा एका सेवेचे आहे, जी पार्लरच्या दरपत्रकात सहसा दिसत नाही. बिघडलेला आखूड कट वाढवत नेणे आणि तो वाढत असताना चारचौघांत वावरता येईल इतपत आकारात ठेवणे, एवढेच तिचे स्वरूप आहे. पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर, घराच्या पुढच्या खोलीत एक बाई हे काम करतात. खुर्ची एकच, मदतीला कोणी नाही आणि आहेत त्याच गिऱ्हाइकांना वेळ पुरत नाही, म्हणून नाव-पत्ता कुठे लिहू नका, असे त्यांनी बजावले आहे. ते मी पाळते आहे. तरीही लिहिण्याचे कारण असे, की त्या जे करतात ते कोणत्याही जाणत्या पार्लरवालीकडून करून घेता येते. मात्र नेमके काय मागायचे हेच ठाऊक नसल्यामुळे अनेक जणी एक तर पुन्हा सगळे केस कापून घेतात, किंवा तेला-गोळ्यांवर पैसे घालत बसतात.

माझ्या केसांची अवस्था अशी होती : डाव्या कानावरचे केस उजवीकडच्यापेक्षा बोटभर आखूड, भोवऱ्याच्या खाली एक ठसठशीत पायरी आणि मानेवर मात्र एक झुपका तसाच राहिलेला. एका झगझगीत सलूनमध्ये ओले केस ताणून धरून हा कट केला गेला होता. माझ्यासारखे लाटदार केस ओले असताना लांब दिसतात आणि वाळले की वर चढतात. शिवाय ते सगळीकडे सारखे चढत नाहीत, जिथे लाट जास्त तिथे जास्त चढतात. भोवऱ्यापाशी तर केस ज्या दिशेने उगवतात त्याच दिशेने उभे राहतात, आणि तिथे थोडी जरी जास्त कात्री चालली तरी ते बसायचे नाव घेत नाहीत. खुर्चीत बसल्या बसल्या हे कळत नाही, कारण तेव्हा केस ओले असतात किंवा ड्रायरने सरळ केलेले असतात. दोन्ही रूपे घरच्या आरशात टिकणारी नसतात.

पेठेतल्या या बाईंनी पहिल्या भेटीत कात्री हातात घेतलीच नाही. केस धुऊन, तेल न लावता आणि पूर्ण वाळवून यायला त्यांनी आधीच सांगितले होते. त्यांनी मला हनुवटी छातीला टेकवायला लावली, बारीक दातांच्या कंगव्याने डोक्याचे चार भाग पाडले आणि प्रत्येक भागातली एकेक बट दोन बोटांत सरळ, पण ओढ न लावता धरून कंगव्याशी मापून पाहिली. कानामागची बट त्यांनी दोन्ही बाजूंनी एकाच वेळी हनुवटीकडे आणली, तेव्हा आखूड-लांब किती आहे हे मलाही आरशात दिसले. मग भोवरा कोणत्या दिशेला फिरतो ते पाहून त्यांनी भांग डावीकडून उजवीकडे नेला. तेवढ्या एका बदलाने वरचे लांब केस आखूड बाजूवर आले आणि निम्मे वाकडेपण झाकले गेले. हे सगळे झाल्यावर त्या म्हणाल्या, “ताई, आज कापण्यासारखं काहीच नाहीये. आज सारखे केले तर सगळेच आखूड होतील आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर. महिन्याने या, तेव्हा फक्त मानेवरचे घेऊ.” त्या दिवसाचे त्यांनी पैसेही घेतले नाहीत.

त्यांच्या या सल्ल्यामागे साधा हिशेब आहे. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण १ ते १.२५ सेंटिमीटर वाढतो, म्हणजे वर्षाला १२ ते १५ सेंटिमीटर. हा वेग वय आणि प्रकृतीप्रमाणे थोडा कमी-जास्त होतो, पण तो दुप्पट करणारी वस्तू दुकानात मिळत नाही. मानेवरच्या केसाला बॉबकटची हनुवटीजवळची रेषा गाठायला चार-पाच सेंटिमीटरही पुरतात. भोवऱ्यापासून मात्र डोक्यावरून फीत धरून मोजले, तर तीच रेषा २५ सेंटिमीटरच्या पलीकडे जाते. सगळे केस एकाच वेगाने वाढू दिले, तर मानेवर शेपूट आणि डोक्यावर टोपी असे रूप काही महिन्यांतच येते, आणि याच टप्प्यावर कंटाळून पुष्कळ जणी पुन्हा बॉयकट करून मोकळ्या होतात. म्हणून वरच्या केसांना हात लावायचा नाही आणि खालच्यांना पुढे जाऊ द्यायचे नाही, हे धोरण. कापल्याने केस जोमाने वाढतात हा समज अजून टिकून आहे. वाढ होते ती त्वचेखालच्या मुळाशी, टोकाला काय केले हे मुळाला कळत नाही. मानेवरचे केस कापायचे ते केवळ वरच्यांना वेळ मिळावा म्हणून.

प्रत्यक्ष काम पाऊण तासाच्या आतले आहे. मानेची रेषा त्या ट्रिमरने साफ करत नाहीत, कात्री उभी धरून टोकांत बारीक चिरा देत जातात, त्यामुळे कडेला ठळक रेघ दिसत नाही आणि पुढच्या खेपेपर्यंत वाढलेले केस खुंटांसारखे टोचत नाहीत. पायरीच्या जागी थिनिंगची कात्री चालवावी, असा आग्रह मी एकदा धरला होता आणि त्यांनी तो मोडून काढला. विरळ केलेले आखूड केस वाढताना वरच्या थरातून काट्यांसारखे बाहेर येतात आणि त्यांना बसवायला आणखी काही महिने जातात, असे त्यांचे म्हणणे आहे. भोवऱ्याच्या बाबतीत ते मला तंतोतंत पटले. केस कानावर येऊन बाहेर वळू लागतात तो टप्पा सर्वांत कठीण. तेव्हा त्यांनी कानापुढच्या बटा तशाच ठेवून कानामागचा जाडपणा तेवढा कमी केला, आणि केस कानामागे बसू लागले.

उणिवाही सांगायला हव्यात. फोनवर वेळ दिलेली असली, तरी आधीचे गिऱ्हाईक फेशियलला बसलेले असेल, तर बाहेरच्या बाकावर बसून राहावे लागते. खोलीत एकच ट्यूबलाइट आहे आणि ती पाठीमागे नसून बाजूला आहे. मागचे केस दाखवायला धरलेल्या हातआरशात संध्याकाळनंतर नीट काही दिसत नाही. टॉवेल स्वच्छ असतो, पण मानेभोवती कागदी पट्टी लावत नाहीत, त्यामुळे घरी जाईपर्यंत पाठ खाजत राहते. कार्ड चालत नाही. दर मात्र रास्त आहे : मानेच्या कामाला दीडशे रुपये, पूर्ण कटला तीनशे. मोठ्या सलूनमध्ये एवढ्याच कामाला पूर्ण कटचे बिल लावतात आणि त्यावर कर वेगळा. सप्टेंबर २०२५ पासून सलूनच्या सेवांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा बिलात जुना दर दिसल्यास जरूर विचारावे.

पार्लरच्या दोन भेटींमधल्या काळात सगळा भार पिनांवर पडतो, आणि इथे तुळशीबाग कामाला आली. साध्या काळ्या पिनांचे पाकीट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी, मात्र त्या लावण्याची रीत माहीत हवी. पिनेची नागमोडी बाजू डोक्याकडे आणि सरळ बाजू वर ठेवायची, कारण केसांना पकड नागमोडी बाजू देते; मी पाहिलेल्या निम्म्या बायका ती उलटी लावतात आणि पिना घसरतात म्हणून तक्रार करतात. आखूड केसांत एक पिन टिकत नाही, दोन पिना फुलीसारख्या एकमेकींवर अडकवल्या तर दिवसभर हलत नाहीत. टोकावरचा प्लॅस्टिकचा थेंब निघालेली पिन लगेच टाकून द्यावी, ती टाळूला ओरखडे काढते. टिकटॅक पिना कानावरच्या बटांसाठी चांगल्या, पण मोठ्या आकाराच्या घेतल्या तर आखूड केसांत त्यांचाच भार होतो आणि त्या ओघळतात. लहान मुलींसाठी म्हणून टांगलेल्या पिनांतून साध्या रंगाच्या निवडाव्यात. क्लचर या काळात बिनकामाचा आहे, त्याच्या दातांत धरायला केसच नसतात. कापडी रुंद हेअरबँड घरी ठीक वाटला, पण कार्यालयात तो घातला की आजारी आहात का, अशी चौकशी दोन-तीन टेबलांवरून होते.

पुण्यात दुचाकीवर फिरणाऱ्यांना हेल्मेटचा प्रश्न वेगळाच आहे. हेल्मेट वरचे केस चपटे करते आणि कानाजवळचे बाहेर वळवते, म्हणजे जे लपवायचे तेच उठून दिसते. आत पातळ सुती स्कार्फ बांधून कानावरच्या बटा आधीच मागे बसवल्या, तर उतरल्यावर कंगव्याचे दोन हात पुरतात. पावसाळ्यात दमट हवेने केस फुगतात आणि पायऱ्या पुन्हा दिसू लागतात. तेव्हा ओलसर केसांवर वाटाण्याएवढे कोरफडीचे जेल लावणे पुरेसे ठरते. वॅक्स मला मानवले नाही, दुपारपर्यंत केस तेलकट दिसू लागतात.

मोठ्या सलूनमध्ये या अवस्थेवर दोन महाग उपाय सुचवले जातात. पहिला म्हणजे चिमट्याने लावायचे जोडकेस. त्यांचा जोड झाकायला वरून निदान १० सेंटिमीटरचे स्वतःचे केस लागतात, आणि तेवढे असते तर ही वेळच आली नसती. लग्नकार्यात अंबाडा हवाच असेल, तर गंगावन आणि जाळी लावून तो मागे बसवता येतो, पण त्यालाही मानेवर छोटीशी शेंडी बांधण्याइतके केस असावे लागतात. दुसरा उपाय म्हणजे स्मूदनिंग किंवा केराटिन. वाकड्या कटवर केस सरळ करून घेणे मला समजतच नाही, कारण लाटेमुळे जे उंच-सखल झाकले जात असते ते सरळ केसांत रेघेसारखे दिसते. शिवाय अशा काही द्रव्यांतून तापवल्यावर फॉर्माल्डिहाइड बाहेर पडते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलेले आहे. हजारो रुपये मोजून हे विकत घेण्यापेक्षा पिनांची पाकिटे घ्यावीत.

तेलाबद्दल मत थोडे वेगळे. तेलाने केस लांब होत नाहीत, पण आहेत ते तुटण्यापासून वाचले तर लांबी टिकते. खोबरेल तेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, सूर्यफुलाचे आणि खनिज तेल तसे करत नाही, असे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले होते. ते संशोधन मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांचे होते, म्हणजे खोबरेल तेल विकणाऱ्यांचेच, हे ध्यानात ठेवून वाचावे. तरी न्हाण्याआधी तासभर थोडे खोबरेल लावणे स्वस्त आहे आणि आखूड केसांना ते चमचाभरही लागत नाही. कांद्याच्या तेलाने माझ्या उशीला वास लागला, याहून जास्त काही झालेले मला दिसले नाही.

सर्वांत वाया गेलेला खर्च बायोटिनच्या, म्हणजे ‘ब’ गटातल्या एका जीवनसत्त्वाच्या, गोळ्यांचा. प्रौढ माणसाला दिवसाला ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरेसे मानले जाते आणि ते रोजच्या जेवणातून सहसा मिळते. बाजारातल्या अनेक गोळ्यांत १०,००० मायक्रोग्रॅम असते. कमतरता नसताना त्याने केस भराभर वाढतात याला भक्कम आधार नाही. उलट जास्त मात्रेतले बायोटिन रक्तातल्या काही तपासण्यांचे आकडे चुकवू शकते, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ सालीच दिला होता. थायरॉइडच्या तपासणीला जाणाऱ्यांनी ही गोळी घेत असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. केस वाढत नाहीत असे खरोखरच वाटत असेल, किंवा तापातून उठल्यावर दोन-तीन महिन्यांनी ते मूठमूठ गळू लागले असतील, तर गोळ्यांऐवजी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घेणे शहाणपणाचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता, तेव्हा ही शंका अवाजवी नाही.

पुन्हा पार्लरकडे येते. ज्यांना एका बैठकीत सगळे सरळ करून हवे आहे, त्यांनी या बाईंकडे जाऊ नये. त्या नाही म्हणतील आणि वर दोन शब्द ऐकवतील. दाट कुरळ्या केसांवर त्यांचा हात तितकासा बसलेला नाही, असे माझ्या मावसबहिणीच्या केसांवरून म्हणावे लागते : तिच्या मानेवरची कड वाळल्यावर अपेक्षेपेक्षा बरीच वर गेली. सरळ किंवा लाटदार केस असतील, वर्षभर धीर धरायची तयारी असेल आणि आपल्या भागात अशी कोणी सापडली, तर जाताना तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात : केस वाळलेले असतानाच कापा, भोवऱ्याला हात लावू नका आणि थिनिंग नको. तुळशीच्या लग्नानंतर अशा खुर्च्या नवरीमुलींच्या ताब्यात जातात आणि मग दीडशे रुपयांच्या कामाला कोणी लवकर वेळ देत नाही, म्हणून मानेवरचे केस दिवाळीच्या आतच उरकून घ्यावेत.