११ महिने, ५० पौंडी कंपाउंड बो आणि आउटबॅकमधली रानडुकरं: माझा वापरानंतरचा अनुभव

मागच्या मार्चमध्ये कंपाउंड बो (टोकांना कप्प्या असलेलं आधुनिक धनुष्य) घेतला, आता फेब्रुवारी संपत आला. आउटबॅक म्हणजे ऑस्ट्रेलियाचा आतला ओसाड भाग, तिकडेच मी तो वापरते. एवढ्यात सात ट्रिपा झाल्या. हिशोब सांगायचा तर चार डुकरं मिळाली, एक जखमी होऊन निसटलं (त्याबद्दल खाली लिहिलंय, टाळणार नाहीये) आणि बाकी सगळा वेळ माश्या मारल्या, म्हणजे खरोखरच्या माश्या, तिकडच्या माश्या डोळ्यात पाणी प्यायला येतात.

मी टुवूंबाला राहते, ब्रिस्बेनपासून दीडेक तासावर. मूळची आजऱ्याची. ट्रिपा सगळ्या कनामलाच्या पुढे एका मेंढ्यांच्या स्टेशनवर (इथे मोठ्या फार्मला स्टेशन म्हणतात), म्हणजे आमच्या घरापासून डॅल्बी, मूनी, सेंट जॉर्ज, बॉलन असं करत एक अख्खा दिवस गाडी. लॅबमधली एक सहकारी लहानपणापासून बो चालवते, तिच्यामुळे मी यात पडले आणि स्टेशनमालकाची ओळखही तिचीच. हे आधीच सांगते कारण तिकडे ओळखीशिवाय कोण आत घेत नाही, आणि घेऊही नये.

कंपनी मुद्दाम लिहीत नाही. या किमतीतले, म्हणजे साधारण ११०० डॉलरचे, सगळे बो उन्नीस-बीस आहेत आणि मला ब्रँडवरून भांडणं नकोत. ड्रॉ लेंथ (दोरी ओढायची लांबी) माझी २६ इंच, वजन, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर, ४० ते ५० पौंडात बदलता येतं, मी ५० वर ठेवलाय. लेट-ऑफ ८० टक्के, म्हणजे दोरी पूर्ण ओढली की हातावर फक्त १० पौंड राहतात. हे वाचताना साधं वाटतं, पण डुक्कर झुडपामागे थांबून राहिलं आणि तुम्ही ओढून बसलाय, अशा वेळी मिनीटभर धरून ठेवता येणं हाच सगळा खेळ असतो. दुकानातला माणूस मला ६०-७० पौंडवालाच घ्या म्हणून मागे लागला होता, डुकराला ५० ने काय होतंय म्हणाला. मी तिथेच ६० वाला ओढून बघितला तर धनुष्य आधी आभाळाकडे न्यावं लागलं आणि मग झटका देऊन खाली. टार्गेटवर चालून जाईल ते, पण २० मीटरवर डुक्कर उभं असताना असा हात वर गेला तर संपलंच. बसल्या जागी, हळू, सरळ समोर ओढता येत नसेल तर ते वजन तुमचं नाही, हे माझं मत आता अजूनच पक्कं झालंय.

बाणाचं जरा सविस्तर सांगते कारण मी स्वतः यात चार महिने घालवले. सुरुवातीला ३५० ग्रेनचा हलका बाण होता, वेग सेकंदाला २३५ फूट, मी खूश. नंतर ४७० ग्रेनवर गेले, म्हणजे ३० ग्रॅमच्या आसपास, वेग पडला २०५ वर. ऊर्जा काढली तर दोन्हीत फारसा फरक नाही, पण जड बाणाचा रेटा सहाव्या हिश्श्याने जास्त भरतो आणि आत शिरायला तोच लागतो. शिवाय जड बाणाने बोचा आवाज कमी होतो. आता हे बघा, २५ मीटरवर माझा बाण पोचायला ०.४ सेकंद लागतात आणि आवाज त्याच्या पाचव्या हिश्श्यात पोचतो. म्हणजे डुकराला बाणाआधी खबर लागते. तुम्ही २०५ चे २३५ केले तरी आवाजाला गाठणार नाहीच, मग निदान आवाज तरी कमी करा की. समोर दोन पात्यांचं फिक्स ब्रॉडहेड (बाणाचं शिकारीचं टोक), उघडणारं नको, कारण उघडायला ताकद खर्च होते आणि ५० पौंडात ती आपल्याकडे उधळायला नाहीये.

आता तक्रार. नोव्हेंबरच्या ट्रिपला बो गाडीत केसमध्ये ठेवून मी मालकीणबाईंकडे चहाला गेले, दीड तास, बाहेर ४१ डिग्री. बंद गाडीत आत किती झालं असेल विचारू नका. संध्याकाळी ओढून बघते तर पीप फिरलेलं, म्हणजे दोरीतलं जे छोटं भोक डोळ्यासमोर यायला पाहिजे ते आडवं, आणि बाण १५ मीटरवर एक वीत खाली. उन्हाने दोरी ताणली गेली होती. दुकानात नेला तर म्हणाले तुम्ही गाडीत ठेवला, वॉरंटीत येत नाही. बरोबर असेल त्यांचं, पण आउटबॅकच्या शिकारीसाठी म्हणून तुम्ही विकताय तर विकताना ही एक ओळ सांगायला काय जात होतं? लिंब (धनुष्याच्या वाकणाऱ्या दोन भुजा) तडकले नाहीत हेच नशीब. तेव्हापासून माझा उपाय असा की आईने दिलेली जुनी गोधडी आहे, बो तिच्यात गुंडाळायचा, गाडीत अजिबात नाही, झाडाच्या सावलीत फांदीला टांगायचा. सहकारी हसते, पण जानेवारीत तिचंच पीप हललं, माझं नाही.

धुळीचं म्हणाल तर तिकडची लाल माती पिठासारखी असते. कॅमला (दोरीच्या टोकाच्या कप्प्यांना) तेल लावलंत की दुसऱ्या दिवशी त्याची रांगोळी, त्यामुळे कोरडं वंगण वापरायचं. दोरीला मेणही पुसटसं, जास्त झालं तर माती चिकटते. बाण टेकायला मी ब्रशवालं साधं रेस्ट ठेवलंय, पडणारं महागाचं नाही, त्याच्या दोरीत कुसळं अडकतात. रिलीज (दोरी धरून सोडायचा चाप) लोखंडी आहे, उन्हात ठेवून मग हातात घेतलं तर चटका, खिशात ठेवा. नेम धरायची पिन संध्याकाळी छान दिसते. बास, बाकी बोबद्दल तक्रार नाही.

डुकरांकडे येऊ. या प्राण्याला घाम जवळजवळ येतच नाही, म्हणून उन्हाळ्यात त्याचं सगळं आयुष्य पाणी आणि चिखल यांच्याभोवती फिरतं. दिवसभर लिग्नमच्या झुडपांत पडून राहतात (लिग्नम म्हणजे काटक्यांचा गुंता, माणूस उभा शिरत नाही आत) आणि ऊन कललं की पाण्यावर. या भागात पाणी म्हणजे जमिनीखालच्या ग्रेट आर्टेशियन बेसिनमधून बोअरने वर येणारं, गरम आणि गंधकाचा वास मारणारं, किंवा मग मातीचा गोल बांध घालून केलेलं तळं, त्याला टर्की नेस्ट म्हणतात. त्यामुळे उन्हाळ्यात डुक्कर शोधायला फिरावं लागत नाही, पाण्याजवळ बसावं लागतं. प्रश्न एवढाच की ते डुकरालाही कळतं.

जानेवारीतली, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यातली, संध्याकाळ सांगते. दुपारी ४३ होतं. साडेचारला आम्ही बांधापासून १८ मीटरवर एका पडक्या खोडामागे बसलो, तोंडावर जाळी, पाणी माणशी दहा लिटरच्या हिशोबाने गाडीत आणि दोन लिटर सोबत. पहिला दीड तास फक्त गलाह, ते गुलाबी पोपट, शेकड्याने येऊन कलकलाट करून गेले. मी दर पाच मिनिटांनी बाटलीतली पावडर उडवून वारा बघत होते. डुकराची नजर यथातथाच, कान चांगले, पण नाक म्हणजे नाक, वारा तुमच्याकडून तिकडे गेला की संपलं. साडेसहाला गलाह अचानक उडाले आणि मग काहीच नाही, आणि मग कुजबुजीसारखी घुरघुर. आधी एक डुकरीण सहा पिल्लांना घेऊन आली, तिला सोडलं, मला पिल्लांवाली नको होती. तिच्या मागून दहा मिनिटांनी नर, काळा, खांद्यावर वाळलेल्या चिखलाचा थर, चालताना त्याचे पोपडे पडत होते. तो सरळ पाण्यात जाऊन बसला! डुक्कर अर्धं बुडलेलं असताना काय मारणार, छातीचा खालचा भागच तर लागतो, डुकराचं काळीज लोकांना वाटतं त्यापेक्षा बरंच खाली आणि पुढे असतं. म्हणून बसलो. घामाने ग्रिप निसरडी, एक माशी जाळीच्या आत. सात वाजून गेल्यावर तो उठला, अंग झटकलं, आणि आमच्याकडे पाठ तिरकी करून निघाला. मागून पुढे तिरका जाणारा बाण, पुढच्या पायाच्या मागून, खालच्या तिसऱ्या भागात. ओढताना आवाज नाही, सोडल्यावर एक ठप्प. ४० मीटर पळाला आणि बसला. बाण पलीकडे मातीत रुतलेला मिळाला, पाती शाबूत. या बोचा सगळ्यात चांगला दिवस तोच.

आणि सगळ्यात वाईट सप्टेंबरमधला. ३१ मीटर, मोठा नर, जरासा माझ्याकडे तोंड करून. टार्गेटवर मी ३० मीटरवर चांगली आहे, त्याच भ्रमात सोडला. मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली जाड चिवट कवच असतं, माजाच्या मारामारीत सुळ्यांपासून वाचायला, माझा बाण त्यातच थांबला. तो लिग्नममध्ये घुसला. अंधार पडेपर्यंत आणि दुसऱ्या सकाळी तीन तास शोधलं, मिळाला तो फक्त अर्धा तुटलेला बाण आणि पानांवर थेंब, मग तेही नाहीत. मालकाला सांगायला गेले तेव्हा मान वर होत नव्हती. ते शांतपणे म्हणाले, पुढच्या वेळी जवळ जा. त्या दिवसापासून २० मीटर ही माझी हद्द आणि फक्त आडवं किंवा पाठ तिरकी असलेलंच डुक्कर, बोची जाहिरात काही का म्हणेना. इथे ऑस्ट्रेलियन बोहंटर्स असोसिएशनचा प्रोफिशियन्सी कोर्स असतो, मी तो ट्रिपा सुरू झाल्यावर केला, आधी करायला पाहिजे होता.

हात घालण्याआधी ग्लोव्हज. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते म्हणून हे जास्तच सांगते असं नवरा म्हणतो, पण इथल्या डुकरांत ब्रुसेला सुइस नावाचा जंतू असतो, लेप्टोचा असतो, आणि शिकाऱ्यांना त्यांचा आजार कातडी काढताना हाताच्या कापलेल्या जागेतून होतो. महिनोन्महिने येणारा-जाणारा ताप, सांधेदुखी, आणि डॉक्टरला तुम्ही डुकरांचं सांगितलंच नाही तर त्याला सुचणारही नाही. आमच्या लॅबमध्ये ब्रुसेलाची नुसती शंका असलेली जंतू वाढवायची प्लेट आली तरी ती उघड्या टेबलावर ठेवत नाहीत. दुसरा क्यू फीव्हर, तो तर इथलाच, १९३० च्या दशकात ब्रिस्बेनच्या कत्तलखान्यातल्या कामगारांमध्ये पहिल्यांदा ओळखला गेला, क्यू म्हणजे क्वेरी, कारण कशाने होतोय कळत नव्हतं. त्याची लस इथे मिळते, पण आधी स्किन टेस्ट आणि रक्ताची तपासणी, त्यात आठवडा जातो, म्हणजे ट्रिपच्या आदल्या दिवशी आठवून उपयोग नाही. मांस मी एकदाच आणलं, जुलैत, तरण्या डुकरिणीची मागची तंगडी, मालकाला त्या पॅडकमध्ये (कुंपण घातलेल्या रानात) १०८० नावाचं विष टाकलंय का ते विचारून. कांदालसूण मसाल्यात तास-दोन तास शिजवलं, बरं लागलं, थोडं चिवट. उन्हाळ्यात विचारही करू नका, फार पटकन खराब होतं.

कायद्याचं थोडक्यात. क्वीन्सलँडमध्ये खासगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने बो चालतो, बोला लायसन्स लागत नाही, नॅशनल पार्क आणि स्टेट फॉरेस्टमध्ये नाही. न्यू साउथ वेल्सच्या सरकारी जंगलात आर-लायसन्स लागतं. टास्मानियात बोने शिकार बंद, साउथ ऑस्ट्रेलियात १ डिसेंबर २०२४ पासून बंद, म्हणून दुसऱ्या राज्यात बो घेऊन जायच्या आधी बघून घ्या. आणि गावाकडून मेसेज येतातच की आमच्या उसात पण डुकरं घुसतात, एक बो पाठव. बाबांनो, तिथे १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, पिकाचं नुकसान होत असेल तर वनखात्याकडे जायचं, मी काही पाठवणार नाहीये. लहानपणी आम्हीही रात्री उसाच्या कडेला डबे बडवत बसायचो, माहीत आहे मला. पण तिकडचं रानडुक्कर तिथलंच, इथलं १७८८ पासून गोऱ्यांनी जहाजातून आणलेल्या पाळीव डुकरांची सुटलेली पिलावळ. ती साडेतीन-चार महिन्यांत वितात, कोकरं खातात आणि पाण्याचा चिखल करून ठेवतात.

बोने ती कमी होतात का? नाही हो. मालक दरवर्षी हेलिकॉप्टरवाला बोलावतात आणि पिंजरे लावतात, एका चांगल्या पिंजऱ्यात एका रात्रीत अख्खा कळप जातो, माझी ११ महिन्यांत चार. ते मला येऊ देतात कारण मी येताना-जाताना मेसेज करते, गेट जसं सापडलं तसंच ठेवते आणि कुठली टाकी गळतेय ते फोटो काढून पाठवते. मोबाइलला रेंज गावाबाहेर नाहीच, त्यामुळे सॅटेलाइट मेसेंजर आणि संकटात सिग्नल देणारं बीकन, दोन्ही कमरेला, गाडीत नाही. ब्राउन स्नेक या विषारी सापासाठी पायाला गेटर (पोटरीवरचं जाड कवच) आणि दोन प्रेशर बँडेज. आणि पाऊस दिसला की निघा, काळ्या मातीचा रस्ता ओला झाला की गाडी साबणावर चालल्यासारखी जाते, आम्ही डिसेंबरात त्यामुळे दोन दिवस जास्तीचे अडकलो आणि शेवटी बिस्किटांवर आलो.

सध्या दोरी आणि केबल नवीन टाकायला दिल्यात, १६० डॉलर, यावेळी दुसऱ्या दुकानात. पुढची ट्रिप एप्रिलमध्ये, ऊन उतरल्यावर. गोधडी धुवायला काढलीय, तीनदा पाणी बदललं, अजून लालच निघतंय.