पोव्हिडोन आयोडीन 10 टक्के: घोड्याच्या सडलेल्या खुरावर कसं चालतं?
पावसाळ्यात तबेला ओला राहिला की खुराच्या तळव्यावरचा मधला त्रिकोणी मऊ भाग सडतो. काळा चिकट स्राव येतो, कुजका वास हाताला तासभर राहतो. त्यावर हे स्वस्त जंतुनाशक औषध खरंच गुणकारी आहे, पण नुसतं ओतलं तर वाहून जातं. दोन भाग साखरेत एक भाग औषध कालवून टूथपेस्टइतकं दाट करा. आधी खूर साफ करायच्या आकडीने घाण काढा, ब्रशने घासा, खूर पूर्ण कोरडा करा. मग लेप कापसाच्या बोळ्यावर घेऊन टाचेकडच्या मधल्या खाचेत खोल बसवा. हवा न पोचणाऱ्या त्या फटीतच जंतू वाढतात. बोळा रोज बदला.

घेताना लेबल बघा: 7.5 टक्क्यांचा स्क्रब साबणाचा असतो, तो नको.

उणीव एकच, पण मोठी. लीद-मूत लागलं की औषधाचा जोर जातो. रोज लीद काढून कोरडा भुसा घातला नाही तर बाटल्या संपतील, सड तशीच राहील. लोंबणारे कुजके पापुद्रे नालबंदाकडून कापून घ्या. रक्त आलं, घोडा लंगडला किंवा पाय सुजला तर लगेच पशुवैद्याला बोलवा. धनुर्वाताची लस झाली आहे का, तेही पाहा.