काळं म्हणून घेतलेलं शिंगरू

मागच्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजारातून मी घोड्याचं आठ महिन्यांचं शिंगरू आणलं. १ लाख ४० हजार मोजले, सगळे कापसाचे. आज त्याला कुणी निम्मी किंमतही द्यायला तयार नाही. शिंगरात खोट नाही. पाय चांगले, चाल चांगली, दाणा नीट खातं. मला फसवलं ते रंगात. यंदा यात्रेला जाणाऱ्यांनी हे वाचून जावं.

आमच्या दारात एक मुश्की घोडी आहे, म्हणजे अंगभर काळी. तिच्या जोडीला काळाच नर हवा, पुढे शिंगरं काळी व्हावीत, एवढा माझा हेतू. दोन दिवस तापीकाठचे तंबू पालथे घातले. तिसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर, बल्बच्या उजेडात हे दिसलं. कोळशासारखं काळं, अंगावरून तेलाचा हात फिरवलेला, डोळ्यांभोवती जाड काजळ. काजळाचं विचारलं तर विकणारा म्हणाला, "दादा, येणारा-जाणारा बघतो, नजर लागते." शेजारच्या काळ्या घोडीकडे बोट दाखवून ही आई म्हणाला. बाप राजस्थानात. "जन्मलं तेव्हापासून असंच काळंकुट्ट आहे," हे त्याने दोनदा सांगितलं आणि तेवढ्यावर मी इसार दिला.

त्याच वाक्याला मी थांबायला हवं होतं. पुढे काळंच राहणारं शिंगरू बऱ्याचदा जन्मतः उंदराच्या रंगाचं, राखाडी असतं. पहिले केस झडल्यावर ते काळं होतं. जन्मतःच कुळकुळीत काळं असेल तर ते सब्जा निघेल का, ही शंका आधी घ्यायची.

सब्जा घोडा जन्मतो काळा, कुमैत (म्हणजे अंग तपकिरी, आयाळ-शेपूट काळी) किंवा तांबूस आणि वर्षागणिक पांढरा होत जातो. पांढऱ्या केसांची सुरुवात बहुधा डोळ्यांभोवती होते. म्हणून तिथे काजळ होतं.

घरी आणल्यावर आठवड्याने माझ्या आईने कोमट पाण्यात फडकं बुडवून त्याचं तोंड पुसलं. काजळ निघालं, पण फडक्यावर तांबूस-काळा डागही उतरला. काजळाखाली केसांना कलप लावलेला होता. तरी मी मनाची समजूत घातली. होळीच्या सुमाराला थंडीचे केस झडायला लागले. खरारा केला की मूठ-मूठ काळे केस खाली पडायचे आणि आत पांढरे मिसळलेले दिसायचे. आयुष्यभर घोडी सांभाळलेले आमच्या गल्लीतले एक आबा आले. त्यांनी पापणीच्या वरचे केस बोटाने उलटे केले, मुळाशी पाहिलं आणि म्हणाले, "भाऊ, हाऊ काया नही शे. सब्जा शे." आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, डोळ्यांभोवती चष्म्यासारखी कडी उमटली. श्रावणात कानबाईच्या सणाच्या वेळेला सगळं तोंड राखाडी.

आबांनीच सांगितलं की सब्जाच्या आईबापांपैकी एक तरी सब्जा असतोच. आई खरंच ती काळी घोडी असेल तर बाप सब्जा होता, आणि नसेल तर आईच खोटी दाखवली. बाप डोळ्यांनी पाहिला नाही, निदान फोटोही मागितला नाही, ही माझी चूक. आता याच्याकडून होणाऱ्या शिंगरांपैकी साधारण निम्मी तरी सब्जाच निघणार. काळ्या शिंगरासाठी याच्याकडे घोडी कोण आणेल?

उलटी फसवणूकही चालते. म्हातारा होऊन पूर्ण पांढरा झालेला सब्जा वरातवाल्यांना नुकरा म्हणून विकतात. नुकरा जन्मतःच पांढरा असतो आणि त्याची कातडी गुलाबी असते. सब्जाचे केस दुधासारखे झाले तरी कातडी काळीच राहते. नाकपुड्या बघा, डोळ्यांच्या कडा बघा, शेपूट उचलून बघा. पंचकल्याण, म्हणजे चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेला घोडा, म्हणून दाखवतात तिथे पाय भिजवून केस बाजूला करा. पायाच्या पांढऱ्या केसांखाली कातडी गुलाबी हवी, काळी दिसली तर केसांचा रंग उडवलेला आहे असं समजा. कपाळावरच्या टिळ्यालाही हीच परीक्षा. मुश्की म्हणून कुमैत रंगवलेला असेल तर बगलेतले आणि नाकाजवळचे तपकिरी केस सांगतात. आणि हे सगळं सकाळच्या उन्हात, अंग धुवायला लावून. धुवायला नाही म्हणतो त्याच्याकडून घेऊ नका.

विकणाऱ्याचा फोन महिन्याभरात बंद झाला. पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं आणि पावती मागितली. साध्या कागदावर ‘घोडा, नर, नग १’ आणि रक्कम. रंग कुठेच नाही. त्या एका शब्दावर मी लाखभर रुपये जास्त दिले होते आणि तोच लिहून घेतला नव्हता. पावतीवर वय, रंग, अंगावरच्या खुणा, आईबापांचे रंग, विकणाऱ्याचा पत्ता आणि सही घ्या. धुतलेल्या शिंगराचा उजेडात फोटोही काढून ठेवा.

शिंगरू आमच्याकडेच राहील. त्याने काही केलेलं नाही आणि आईला त्याचा लळा लागलाय. यंदाच्या यात्रेत मी तीन दिवस असणार आहे. कुणाला शिंगरू घ्यायचं असेल तर मला सांगा, सकाळी फडकं आणि पाण्याची बाटली घेऊन सोबत येईन.