स्वस्तातलं चार्जिंगचं ड्रिल घ्यावं का? आधी भिंत बघा, मग बॅटरी

नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याकडे नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की पहिल्या महिन्यातच मला फोटो येतात. मी अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, दिवसभर हातात हीच हत्यारं असतात, म्हणून सोसायटीतले आणि नात्यातले लोक विचारतात: "हे अठराशेला मिळतंय, दोन बॅटऱ्या आणि पेटीसकट. घेऊ का?" याचं उत्तर हो-नाहीत देता येत नाही. चार्जिंगचं ड्रिल घेताना आपण दोन वस्तू घेत असतो, मोटर आणि बॅटरी. मोटर स्वस्तात बरी मिळते. बॅटरी स्वस्तात बरी मिळत नाही. पुढचं सगळं मी या एका गोष्टीवर तोलून सांगतो आहे.

दुकानात समोर येतं ते साधारण असं. वायरचं १३ मिमीचं इम्पॅक्ट ड्रिल दोन-अडीच हजारांच्या आसपास. बिननावाचा "४८ व्होल्ट"चा चार्जिंगचा सेट दीड ते अडीच हजारांत. इंगको, टोटल, आयबेल अशा कमी किमतीच्या पण नाव असलेल्या कंपन्यांचं २० व्होल्टचं मशीन चार ते सहा हजारांत. आणि बॉश, मकिता, डिवॉल्ट यांचं १८ व्होल्टचं, दोन बॅटऱ्या धरून दहा हजारांच्या पुढे. याच मोठ्या कंपन्यांची १२ व्होल्टची छोटी मशिनं मधल्या किमतीत मिळतात. घरगुती माणसाने त्यांच्याकडे जितकं बघायला हवं तितकं कोणी बघत नाही.

बॉशचं नाव निघालं की नाशिककराला जरा आपलेपणा वाटतो. बॉशच्या सातपूरच्या कारखान्याचं जुनं नाव मायको, मायको सर्कल हे नावच त्यावरून पडलं. पण सातपूरला डिझेल इंजिनाचे इंजेक्टर होतात, ड्रिल नाही. तेव्हा गावचं नाव म्हणून नको, मशीन बघून पैसे द्या.

व्होल्टच्या आकड्यांत अडकू नका

"१८ वाल्यापेक्षा २० चं जास्त पॉवरफुल ना?" नाही. दोन्हींत आत पाचच लिथियमचे सेल एकापुढे एक जोडलेले असतात. एका सेलचं कामाचं व्होल्टेज ३.६, म्हणजे पाचांचं १८. पूर्ण चार्ज केल्यावर तोच सेल ४ ते ४.२ व्होल्ट दाखवतो, म्हणजे २० किंवा २१. एका कंपनीने कामाचा आकडा छापला, दुसरीने चार्जरवरून उतरवतानाचा, एवढाच फरक. १०.८ आणि १२ चंही तसंच, तिथे सेल तीन. पण त्याच आकाराच्या पॅकवर ४८, ८८, १२८ छापलेलं असतं तेव्हा तो आकडा कुठल्याच हिशोबात बसत नाही. ४८ व्होल्टला निदान १२-१३ सेल लागतील, आणि ते त्या डबीत मावतच नाहीत.

असा एक "४८"चा सेट मीही घेतला होता. वर्ष-सव्वा वर्ष पडदे, कपाटाची बिजागरं, मुलाच्या शाळेचे प्रकल्प सगळं झालं, मग एक दिवस पॅक चार्ज घेईना. उघडून मीटर लावला. पाच सेल. चार ठीक होते, एक १ व्होल्टच्याही खाली गेलेला. चांगल्या पॅकमध्ये प्रत्येक सेलच्या जोडापासून एक बारीक वायर सर्किटला जाते, म्हणजे कुठला सेल मागे पडतोय ते सर्किटला कळतं. इथे फक्त दोन टोकांना वायरी. एक सेल मरत होता आणि बाकीचे चार त्याला ओढत होते, चार्जरला त्याचा पत्ताच नव्हता. मोटर, गिअर, चक (पुढे बिट पकडणारा जबडा) मात्र उत्तम स्थितीत, आजही. त्या आकाराची नवी बॅटरी शोधत भद्रकालीपासून नाशिकरोडपर्यंत फिरलो. मिळाली नाही, कारण पुढच्या मालात कंपनीने खाचच बदलली होती. एका सेलपायी सगळं मशीन कपाटात गेलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

क्षमतेचा आकडा तपासायला मीटरचीही गरज नाही, वजनकाटा पुरतो. बहुतेक पॅकमध्ये १८६५० हा सेल असतो, १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब, वजन साधारण ४५ ग्रॅम. २ अँपिअर-अवरच्या (एएच) पॅकला असे पाच लागतात, ४ च्या पॅकला दहा. दहा सेलच साडेचारशे ग्रॅम, वर प्लॅस्टिक वेगळं. काही चांगल्या पॅकमध्ये जाडे २१७०० सेल पाचच असतात, तरी तेही प्रत्येकी सत्तर ग्रॅमच्या आसपास भरतात. म्हणून "४ एएच" लिहिलेला पॅक ४०० ग्रॅमच्या आत भरला तर तो ठेवून द्या.

तुमची भिंत काय म्हणते

घरासाठी ड्रिल घेणाऱ्याची नव्वद टक्के निराशा इथे होते, आणि त्यात मशीनचा दोष निम्माच असतो. घरात सगळ्यात आधी काय लावतो आपण? पडद्याचे रॉड. ते येतात खिडकीच्या वर, म्हणजे बरोबर लिंटेलवर, आणि लिंटेल आरसीसीची. त्या काँक्रीटमधली खडी आपल्याकडची, काळ्या पाषाणाची. विटेच्या भिंतीत सहा मिमीचं भोक १२ व्होल्टचं इम्पॅक्ट ड्रिलही आरामात पाडतं. तेच मशीन लिंटेलवर टेकवलं की अर्धा इंच आत जातं, खडीवर अडतं आणि नुसतं किंचाळत राहतं. बिटचं टोक निळं पडतं, बॅटरी तापते, आणि माणूस म्हणतो, "फसवलं."

इम्पॅक्ट ड्रिलच्या आत दोन दातेरी चकत्या एकमेकींवरून घसरतात, त्याने टिकटिक असे ठोके बसतात. ठोके मिनिटाला हजारो, पण प्रत्येकात जोर थोडा. हॅमर मशीनमध्ये, ज्याला एसडीएस (दांड्याला खाचा असलेलं) बिट लागतं, पिस्टन हवा दाबून बिटवर घण घालतो. ठोके कमी, पण एकेक खडी फोडणारा. त्यामुळे वायरच्या साध्या हॅमर मशीनला जे दहा सेकंदांचं काम, ते दहा हजारांच्या चार्जिंगच्या इम्पॅक्ट ड्रिललाही घाम फोडतं. स्वस्त सेटवर हातोडीचं चित्र आहे म्हणून काँक्रीट फुटेल असं समजू नका.

उलट नव्या इमारतींत आतल्या भिंती बऱ्याचदा पांढऱ्या हलक्या एएसी ब्लॉकच्या असतात. तिथे हॅमर बंदच ठेवायचा, नुसतं फिरवायचं. ठोके दिले की भोक मोठं होतं आणि प्लॅस्टिकची गिट्टी फिरत बसते. इथे स्वस्तातलं बॅटरीचं ड्रिलही पुरून उरतं.

मग फ्लॅटवाल्याने काय करावं? सगळ्या घराची भोकं एकदाच मोजा, खुणा करा आणि एक दिवसासाठी हॅमर मशीन भाड्याने आणा, किंवा इलेक्ट्रिशियनला बोलवा. त्यानंतर वर्षभर जे काम उरतं ते बहुतेक स्क्रू घट्ट करण्याचं. त्यासाठी चांगल्या कंपनीचं १२ व्होल्टचं मशीन बिननावाच्या "४८"पेक्षा माझ्या मते दर वेळी सरस. हलकं, कपाटाच्या कोपऱ्यात शिरतं, ३० न्यूटन-मीटरच्या आसपासचा पीळ प्लायवूडच्या कामाला भरपूर. वर्षातून चारदाच ड्रिल काढणार असाल तर तेही नको. वायरचंच घ्या. सहा महिने पडून राहिलं तरी वायरचं ड्रिल पहिल्या बटणाला चालतं. त्याच्या मोटरमधले कार्बन ब्रश झिजले तर थोड्या पैशांत नवे बसतात, आर्मेचर जळलं तर वायंडिंगवाला भरून देतो. बॅटरीला असा वायंडिंगवाला नाही.

कुठल्या हत्याराला स्वस्त चालतं, कुठल्याला नाही

स्क्रू मारायला स्वस्त चालतं, मनापासून सांगतो. मॉड्युलर किचनची कामं करणारे कितीतरी सुतार चार-पाच हजारांच्या २० व्होल्टच्या मशीनवर रोज काम करतात आणि दोन-तीन वर्षं काढतात. भार थोडा, थांबून थांबून येणारा, बॅटरीला दम खायला वेळ मिळतो.

ग्राइंडरचं गणित वेगळं आहे. चार इंची ग्राइंडर लोखंड कापताना सहज ४५० वॅट ओढतो. १८ व्होल्टला हे २५ अँपिअर झाले. २ एएचच्या पॅकमध्ये एकूण ऊर्जा ३६ वॅट-अवर, म्हणजे सलग जेमतेम पाच मिनिटं. ती पाच मिनिटंही पाच सेलच्या एकाच रांगेतून २५ अँपिअर खेचून. एवढा प्रवाह देणारे सेल असतात, पण ते स्वस्त पॅकमध्ये घालत नाहीत. म्हणून स्वस्त ग्राइंडर कापता कापता मंदावतो, आणि मंदावलेला डिस्क खाचेत अडकला की झटका मनगटाला बसतो. कमी किमतीच्या मशीनमध्ये डिस्क चटकन थांबवणारा ब्रेक बहुतेक नसतो. बॅटरी घालताना स्विच चालूच राहिला असेल तर मशीन हातात उसळतं. मी कारखान्यात कापलेली बोटं पाहिली आहेत. ग्राइंडर एकतर वायरचा घ्या, किंवा चार्जिंगचा हवाच असेल तर ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेली) मोटर आणि ४ एएचच्या दोन बॅटऱ्या यांच्याखाली उतरू नका. गार्ड काढून, लाकडाचं दातेरी पातं लावून कोणीही चालवू नये.

ब्लोअर, टॉर्च, टायरमध्ये हवा भरायचा पंप: स्वस्तातले घ्या, बिघडले तरी फार बिघडत नाही. जिगसॉ घरी क्वचित लागतो.

शेतावरचा हिशोब

दिंडोरीकडे माझ्या मामांची द्राक्षबाग आहे. त्यांचा प्रश्न फ्लॅटवाल्यापेक्षा निराळा. शेतीची थ्री-फेज लाइन पाळीपाळीने, कधी दिवसा कधी रात्री. मांडवाचा अँगल वाकला, तार तुटली, नवा होल मारायचा, तर ते लाइट येण्याची वाट बघत बसत नाही. पंपाच्या खोलीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वायर ओढणं तर अशक्यच. अशा ठिकाणी बॅटरीचं हत्यार ही गरज आहे, आणि म्हणूनच तिथे सगळ्यात स्वस्त घेणं परवडत नाही. एप्रिलच्या खरड छाटणीला माणसं मांडवाखाली असतात, पारा चाळिशीला टेकतो, आणि मशीन पत्र्याच्या खोलीत नाहीतर ट्रॅक्टरच्या पेटीत पडलेलं. लिथियम सेलला सगळ्यात जास्त कशाने म्हातारपण येत असेल तर पूर्ण चार्ज करून उन्हात ठेवल्याने. हंगाम संपला की पॅक निम्मा चार्ज करून घरात गारव्याला ठेवावा. निर्जीव होईपर्यंत वापरून ठेवलेला पॅक पुढच्या हंगामाला उठत नाही.

मामा म्हणाले, "भाऊ, बॅटरीची छाटणीची कात्रीही घेऊ का त्याच कंपनीची?" मी म्हटलं, चालवून बघितल्याशिवाय नको. एका हाताने काडी धरायची आणि दुसऱ्या हाताने ट्रिगर. बोट पात्यात आलं तर स्वस्त कात्री थांबत नाही.

काउंटरवर उभं राहून

पहिला प्रश्न मशीनच्या किमतीचा नको. "सुटी बॅटरी आहे का, कितीला, आत्ता दाखवा." दुकानदाराने शेल्फवरून काढून हातात दिली तर पुढे बोला. सुटी बॅटरी मिळत नसेल तर ते मशीन पहिल्या पॅकच्या आयुष्याइतकंच आहे असं धरा आणि तेवढेच पैसे द्या. मग त्याच बॅटरीवर चालणारी आणखी कुठली हत्यारं त्या दुकानात आहेत ते बघा, कारण दुसरं मशीन बॅटरीशिवाय घेता आलं की खरी बचत तिथे होते. मोठ्या कंपन्यांतही सावध राहा: बॉशच्या हिरव्या घरगुती मशीनची १८ व्होल्टची बॅटरी निळ्या व्यावसायिक मशीनला बसत नाही.

पॅकवर बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) नोंदणीखूण आणि R ने सुरू होणारा क्रमांक शोधा. असल्या लिथियम पॅकना आयएस १६०४६ खाली ही नोंदणी सक्तीची आहे. खूण नसलेला पॅक घरात रात्रभर चार्जिंगला लावायची माझी तयारी नाही.

"ब्रशलेस" लिहिलं असेल तर मशीन फिरवून मागच्या फटींतून आत बघा. निळसर ठिणग्या दिसल्या तर आत कार्बनची मोटर आहे. लांब सहा मिमीचं बिट लावून हळू फिरवा, टोक गोल गोल झुलत असेल तर चक आउट, म्हणजे वाकडा आहे. क्लचची रिंग (स्क्रू किती जोराने पिळायचा ते ठरवणारी) १ वर ठेवून चक हाताने धरा, कट्-कट् आवाज करून ती सुटली पाहिजे. मग १० वर तसंच करून बघा. दोन्हीकडे जोर सारखाच लागला तर ते आकडे नुसते छापलेले आहेत, आणि प्लायवूडमध्ये स्क्रूची डोकी बुडणार. जीएसटीचं बिल घ्या, वॉरंटी बॅटरीवर किती महिने आणि मशीनवर किती, हे त्यावर लिहून घ्या. बॅटरीवर बहुतेक वेळा कमी असते.

मेलेले पॅक घंटागाडीत टाकू नका, दाबले गेले तर पेट घेतात. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ते गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, तेव्हा नवा घेताना जुना दुकानातच द्या.

मामांनी शेवटी ब्रशलेस २० व्होल्टचं ड्रिल घेतलं, नाव असलेल्या स्वस्त कंपनीचं, ४ एएचच्या दोन बॅटऱ्या वेगळे पैसे देऊन. त्याच बॅटरीवरचा ग्राइंडर दिवाळीनंतर नुसत्या मशीनच्या किमतीत आणला, ब्रेकवाला. वायरचा जुना ग्राइंडर मात्र विकला नाही. तो पंपाच्या खोलीत खिळ्याला टांगलेला आहे, आणि लाइट असेल त्या दिवशी जाड अँगल त्यावरच कापतात.